संघ चांगला आहे, फक्त असला पाहिजे

हंगाम तोंडावर आला की जगभरच्या फुटबॉलवेड्यांना एकच उद्योग असतो. नवा आघाडीवीर किती गोल मारेल, बचावफळीची भोकं कोण बुजवेल, प्रशिक्षक दिवाळी तरी पाहील का, यावर रात्री जागवायच्या आणि शेवटी ‘यंदा आपलंच’ म्हणून मोकळं व्हायचं. लिव्हरपूलचा चाहता हे करतो, कोलकात्यातला मोहन बागानवाला करतो, मडगावचा तर मासे घेता घेता करतो. पुण्याचा फुटबॉलप्रेमी मात्र खेळाडूंची यादी हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतो. यंदा संघ आहे का?

प्रश्न कुचेष्टेचा नाही, हिशेबाचा आहे. २०१४-१५च्या मोसमात पुण्यात एकाच वेळी तीन व्यावसायिक फुटबॉल क्लब नांदत होते. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी आणि झगमगीत इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. मोसम संपला आणि त्यातले दोन गेले. पाठोपाठ डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला, दोन मोसम खेळला आणि २०१७नंतर दिसला नाही. २०१९ साली एफसी पुणे सिटीही आटोपला. पाच वर्षांच्या आत चार क्लब. यातला भारत एफसी एकच मोसम जगला, अकरा संघांत शेवटचा आला आणि त्याला हाक मारायची सवय लागण्याआधी निघूनही गेला.

शहरातल्या चाहत्याने हे दुःख पचवलं. संध्याकाळी बाणेरला कॉफी प्यायला बसलं की तिथे आर्सेनलचा सामना लागलेला असतोच. भोर आणि वेल्ह्याच्या चाहत्याला अशी सोय नाही. मुळात त्या भागात फुटबॉलचा चाहता असणं म्हणजे मानी माणसाचं काम. गावात कबड्डी आहे, जत्रेत कुस्ती आहे, भात निघाल्यावर कोरड्या खाचरात टेनिस बॉलचं क्रिकेट आहे. अशात एखाद्याने ‘मी फुटबॉल बघतो’ म्हटलं की समोरचा जरा थांबून, काळजीने विचारतो, “आणि घरचे काय म्हणतात?”

तरीही गुंजण मावळातल्या एका गावात असा एक गडी आहे. गाव त्याला तात्या म्हणतं. वयाने म्हणतं तसं फुटबॉलने आलेल्या पोक्तपणानेही. पुणे एफसी २०१२-१३ साली आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा आला, तेव्हापासून तात्या दर हंगामाआधी वहीच्या मागच्या पानांवर संघाचा ताळेबंद मांडतो. वहीच्या पुढच्या पानांवर विकास सोसायटीच्या कर्जाचा हिशेब आहे. दोन्ही बाजूंचं येणं आजवर जुळलेलं नाही.

तात्याच्या ताळेबंदातला पहिला रकाना गोलरक्षकाचा नसतो. पहिला रकाना ‘सामना किती वाजता’ हा. त्याला कारण आहे. नकाशावर पाहिलं तर वेल्ह्याहून बालेवाडी अगदी सरळ. विंझर-मार्गासनीवरून नसरापूरला उतरायचं, महामार्ग धरायचा आणि त्याच महामार्गाला लागून शिवछत्रपती क्रीडासंकुल, म्हणजे सामन्याचं मैदान. भोरचा माणूस कापूरहोळला त्याच रस्त्याला लागतो. पण नकाशात खेड-शिवापूरचा टोलनाका नुसता टिंब असतो, आणि त्याबद्दल या भागातल्या माणसाची मतं कुठल्याही क्लबमालकाबद्दलच्या मतांपेक्षा कडक असतात. पुढे कात्रजचा नवा बोगदा, मग नवले पूल, मग वारजे, मग चांदणी चौक. तिथला जुना पूल पाडला २०२२च्या ऑक्टोबरात. म्हणजे एफसी पुणे सिटी जिवंत होता तोवर चांदणी चौक तुंबलेला होता, आणि चौक मोकळा व्हायला लागला तोवर संघ मोकळा झाला होता. तात्याने बरेचसे पहिले अर्धे याच चौकात, शेजारच्या टेम्पोवाल्याला स्कोअर सांगत काढले.

आता मुख्य माल. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघाला एक ‘मार्की’ खेळाडू हवा होता. म्हणजे जगाने ऐकलेलं नाव. दिल्लीने चाळिशीला टेकलेला देल पिएरो आणला. पुण्याने आणला फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे. १९९८चा विश्वविजेता, २००० सालच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध सोनेरी गोल मारणारा, आणि २००६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी आडव्या दांड्यावर मारणारादेखील. पुण्यात पहिला मोसम सुरू झाला त्याच आठवड्यात त्याने सदतिसावं वर्ष गाठलं. दुसऱ्या मोसमात रुमानियाचा आद्रियान मुतू आला, तो छत्तीसचा. वर्तमानपत्रांनी याला ‘अनुभव आणि तारुण्य यांचा सुरेख मिलाफ’ म्हटलं. क्रीडापानावर हे वाक्य छापून आलं की समजावं, निम्म्या खेळाडूंचे गुडघे दुखतात आणि उरलेल्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. तात्याने वहीत एवढंच लिहिलं : ‘बैल नावाजलेला, दात बघून घ्यावेत.’

दात बघायची वेळ तिसऱ्या मोसमात आली. २०१६ला आइसलँडचा एयदुर गुडयॉनसन ठरला. चेल्सीकडून खेळलेला, बार्सिलोनाकडून खेळलेला, त्याच वर्षी युरो स्पर्धेत आइसलँडने जी धमाल उडवली तिच्यातही असलेला. त्या वर्षीचा तात्याचा अंदाज सगळ्यात लांबलचक होता म्हणे, दीड पान. गुडयॉनसन हंगामाआधीच्या तयारीतच जखमी झाला आणि मोसमाचा पहिला चेंडू पडायच्या आत बाद झाला. त्याच्या जागी मालीचा मोहम्मद सिसोको आला. तेव्हापासून वहीत ‘आघाडी’ या रकान्याखाली नावं पेन्सिलीने लिहिली जातात.

प्रशिक्षकांचं तर विचारूच नका. इटलीचे फ्रँको कोलोम्बा, मग इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट, १९९०च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध ११९व्या मिनिटाला गोल मारणारे. मग आंतोनियो हबास, ज्यांनी कोलकात्याला पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळवून दिलं होतं. कोलकात्याला. पुण्यात आल्यावर संघ सहावा. मग रँको पोपोविच. पाचव्या मोसमाला मिगेल आंगेल पोर्तुगाल आले आणि पहिल्या सामन्यानंतर महिना उलटायच्या आत गेले. मधल्या काळात प्रद्युम रेड्डींनी गाडी ओढली आणि मग फिल ब्राउन आले. इंग्लंडात हल सिटीचे खेळाडू नीट खेळेनात म्हणून मध्यंतरात त्यांना आत न नेता मैदानावरच खाली बसवून, प्रेक्षकांसमोर झापणारे तेच हे गृहस्थ. हंगामी माणूस धरून पाच मोसमांत सात प्रशिक्षक. त्या पाच वर्षांत वेल्हे तालुक्यात तलाठीसुद्धा एवढ्या वेगाने बदलले नसतील.

यातून निघालेलं फळही तसंच. आठ संघांत सहावा, सातवा, सहावा. डिसेंबर २०१५ला बालेवाडीत उपांत्य फेरीचा सामना झाला खरा, पण तो चेन्नईचा. तिकडे महापूर आला म्हणून चेन्नईयिनने आपला घरचा सामना पुण्यात खेळून घेतला आणि कोलकात्याला ३-० हरवलं. म्हणजे बालेवाडीच्या मैदानात खोट नव्हती. त्यावर पुणे खेळत होतं, एवढीच अडचण.

चौथा मोसम मात्र खरंच न्यारा होता. ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो या जोडीने भल्याभल्यांच्या बचावफळ्या फोडल्या, संघ चौथा आला आणि मार्च २०१८ला उपांत्य सामना बालेवाडीत, या वेळी आपला. पहिला सामना ०-०. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि पुण्याकडून योनाथन लुकाने एक. ३-१. तात्याने त्या पानावर दुसरं काही लिहिलेलं नाही. फक्त तारखेखाली आडवी रेघ आहे आणि तीही दोनदा ओढलेली.

पुढच्या वर्षी मालकांची आर्थिक घडी विस्कटली. चाहत्याने मोसमाआधी जे रकाने भरावे असं फुटबॉलची पुस्तकं सांगतात, त्यांत ‘मालक’ नावाचा रकाना नसतो. तात्याच्या वहीत आता तोच सगळ्यात मोठा आहे. इंग्लंडात वाईट खेळलं तर संघ खालच्या श्रेणीत घसरतो. सुपर लीगमध्ये घसरायची सोयच ठेवलेली नव्हती, त्यामुळे पुण्याचा संघ थेट वर गेला.

भोरच्या लोकांना हे प्रकरण लवकर उमगलं, कारण संस्थान विलीन होणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. पंतसचिवांचं भोर संस्थान १९४८ला विलीन झालं. पण राजवाडा जागेवर राहिला आणि आज तिथे सिनेमांची चित्रीकरणं होतात. फुटबॉलच्या या चार संस्थानांनी मागे ओसरीसुद्धा ठेवली नाही, कारण ज्या मैदानावर ती खेळली ते सरकारचं होतं. तोरण्यावर सापडलेल्या धनातून शिवाजी महाराजांनी राजगड बांधला, असं या मुलखात पोरंसोरंही सांगतात. क्लबवाल्यांना तोरण्याचं धन मिळालं होतं, नाही असं नाही. ते ट्रेझेगेच्या बुटांत आणि मुतूच्या विमानाच्या तिकिटात गेलं आणि राजगड राहून गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. सुपर लीगमधली पुण्याची जागा २०१९ला हैदराबाद एफसीने घेतली. फिल ब्राउन तिकडे गेले, मार्सेलिन्योही गेला, म्हणजे घर बदललं तरी भांडीकुंडी तीच. पहिल्या मोसमात हैदराबाद शेवटचा आला आणि तात्याला जरा बरं वाटलं. मग २० मार्च २०२२ला, गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर, हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवलं आणि लीग जिंकली. पोरगी दिली ती सासरी जाऊन कलेक्टर झाली, याचा आनंद मानायचा की आपल्या घरात तिला दहावीलाही का बसवलं नाही याची लाज वाटून घ्यायची, हे तात्याचं अजून ठरलेलं नाही. पुढे तिथेही पैशाची ओढाताण सुरू झाली आणि २०२५ला तो क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. इतिहासात मराठी फौजांनी दिल्लीचा रस्ता चौथाई वसूल करत काटला. फुटबॉलने तो उलट, प्रत्येक मुक्कामाला काहीतरी देत काटला. त्याच वर्षी डिसेंबरात लिओनेल मेस्सी भारतात येऊन गेला. कोलकाता, हैदराबाद, मुंबई, दिल्ली. पुण्याच्या संघाची जागा जिथे जिथे गेली तिथे तिथे मेस्सी जाऊन आला. जिथून निघाली तिथे आला नाही.

वेल्हे तालुक्याचंही नाव बदलून राजगड झालं. त्यावर गावच्या पारावर बरंच बोलून झालंय. पण नाव बदललं म्हणून तालुका उचलून कुणी हैदराबादला नेला नाही, हे तात्या आवर्जून सांगतो.

बरं, मग पुण्याचा नाही तर महाराष्ट्राचा संघ धरावा, असा सल्ला शहाण्यांनी दिला. मुंबई सिटी एफसी. २०२०-२१ला लीग जिंकलेला, २०२३-२४ला पुन्हा चषक उचललेला, आणि मालक कोण, तर मँचेस्टर सिटीवाले. ‘मालक’ या रकान्यात इतकं भरभक्कम नाव तात्याने कधी लिहिलं नव्हतं. पुणे जिल्ह्यातल्या माणसाने मुंबईला पाठिंबा द्यायचा म्हणजे मनाची तयारी लागते. ती करायला तात्याला सहा वर्षं लागली. अखेर २०२५ला तो तयार झाला.

त्याच वर्षी लीगच बंद पडायची वेळ आली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार संपत आला होता. जुलैमध्ये मोसम बेमुदत पुढे ढकलला. मग लीग चालवायला नवा भागीदार हवा म्हणून महासंघाने निविदा काढली. मुदत संपली तेव्हा पेटीत एकही बोली नव्हती. युरोपात कुणाला हे समजावून सांगायला तासभर लागेल. ग्रामपंचायतीच्या रस्त्याची निविदा तीनतीनदा निघालेली पाहिलेल्या माणसाला एका वाक्यात कळतं. “रेट बसत न्हाई त्यांना,” पारावरून आवाज आला, “दुसऱ्यांदा काढा म्हणावं.” डिसेंबर संपता संपता मँचेस्टरवाल्यांनीही मुंबईतला आपला हिस्सा सोडला. शेवटी क्रीडामंत्र्यांनी लक्ष घातलं आणि एरवी गणपती उठल्यावर सुरू होणारी लीग १४ फेब्रुवारी २०२६ला चौदा संघ घेऊन, मोसमाला कात्री लावून एकदाची उभी राहिली.

इथून गावात ‘पायगुण’ हा विषय निघाला. फुटबॉलच्या बाबतीत तो अगदीच गैरलागू आहे असंही म्हणता येत नाही. पुणे एफसी तात्याने धरला, गेला. भारत एफसी त्याने नुसता वर्तमानपत्रात वाचला, तोही गेला. डीएसके, पुणे सिटी, मग लांबून लक्ष ठेवलेला हैदराबाद, शेवटी मुंबईचे मालक. एवढी माणसं, एवढे कोट्यवधी रुपये, एवढे इटालियन आणि इंग्रज प्रशिक्षक, आणि सगळ्यांत समान धागा म्हणजे गुंजण मावळातला हा एक गृहस्थ. गोव्यात डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन जुन्या क्लबांनी २०१६ला आय-लीग सोडली, मुंबईची महिंद्रा युनायटेड तर २०१०लाच बंद पडली, म्हणजे हे दुखणं देशभरचं आहे, असा बचाव तात्याने करून पाहिला. “म्हंजे तुम्ही तेवढ्या लांबपर्यंत बघत होता का?” असा उलट प्रश्न आला.

आणि म्हणूनच गावातल्या कबड्डीवाल्यांनी एक दिवस त्याला बाजूला घेऊन बोलणी केली. त्यांचा संघ पुणेरी पलटण. प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन्ही मोसमांत तळाला राहिलेला, म्हणजे दुःखाची सवय यांनाही आहे, पण यांचा संघ निदान दर वर्षी असतो. कबड्डीवाल्यांचे हंगामाआधीचे अंदाज ऐकण्यासारखे असतात. भात लावणीच्या दिवसांत, चिखलात पाय रुतलेले असताना, डावा कोपरा कोण सांभाळणार यावर जे वाद होतात त्यात शेताच्या मालकाचं नुकसान होतं पण खेळाची जाण उघड होते. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार चढाईला निघाला की सारं शिवार त्याचंच. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला तेव्हा ‘एवढ्यात दोन ट्रॅक्टरची शोरूम झाली असती’ म्हणणारे, पलटण जिंकल्यावर ‘स्वस्तात पडला’ म्हणाले. पुढच्या लिलावात शादलुई हरियाणाला गेला आणि हरियाणाचा संघ अजिंक्य झाला, तोही बालेवाडीत, पलटण बाद फेरीतही नसताना. हे कळल्यावर तात्याला प्रथमच कबड्डीबद्दल आपुलकी वाटली. हा खेळ आपला आहे, असं तो म्हणाला. कबड्डीवाले तिथेच घाबरले.

त्यांनी हिशेब काढला. पलटण तीनदा अंतिम सामन्यात पोचली. १७ डिसेंबर २०२२ला मुंबईत जयपूरकडून ३३-२९ हार. त्या रात्री तात्या टीव्हीपुढे होता, सहज म्हणून बसलेला. ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून ३१-२८ हार. भात कापणीला आलेलं, शेताला पाणी द्यायचं काम नाही, म्हणून तात्या पुन्हा टीव्हीपुढे, आणि या वेळी मुद्दाम. मधला १ मार्च २०२४चा सामना हैदराबादच्या गचीबावलीत, ज्या संकुलात पुण्याच्या फुटबॉलची जागा घेणारा संघ खेळायचा तिथेच. पलटणने हरियाणाला २८-२५ हरवलं आणि पहिल्यांदा अजिंक्य झाली. त्या रात्री तात्या कुठे होता? मार्च महिना, रानात गहू उभा, आणि शेतीची लाइट रात्रीची. तात्या मोटर चालू करायला विहिरीवर गेला होता आणि सामना संपेपर्यंत परतला नव्हता.

त्यामुळे पुढच्या हंगामाबद्दल कबड्डीवाल्यांचं मत अगदी स्वच्छ आहे. चढाईची बाजू बरी आहे, पकडीत एक जाणता कोपरा लागेल, अस्लमचा गुडघा जपला पाहिजे. बाकी भिस्त वेळापत्रकावर. अंतिम सामना मार्चात पडला तर पलटण नक्की. एरवी पडला तर तात्याला त्या रात्री पाहुण्याकडे धाडायचं, आणि पाहुण्याच्या घरी टीव्ही नको, एवढं आधी फोन करून विचारून घ्यायचं.